सुगरणींच्या शाळेतले काजवे

"दादा विहिरीत पडला कसा?" शाळा सोडलेलं सुगरणीचं पिल्लू टिंबू सगळ्यांना विचारत राहिलं. खूप वर्षांपूर्वी विहिरीवरच्या बाभळीवर सुगरणींची घरटी विणायची शाळा होती, तिथली ही गोष्ट.

"वारा होता रे," गुरुजी नजर चुकवून म्हणाले. पण दादा पडला त्या रात्री पानही हललं नव्हतं.

संशयाने टिंबू एका रात्री घरट्याघरट्यात डोकावला. आत ओल्या मातीत काजवे चिकटवलेले होते, रात्रभर विणता यावं म्हणून. एक पिल्लू विणता विणता पेंगलं आणि दारातून घसरलं. टिंबूने त्याला पकडलं.

"सोड! परीक्षा आहे. तुला काय, शाळा सोडलेल्याला!" पिल्लू ओरडलं.

"दादाही रात्ररात्र विणताना असंच म्हणायचा," टिंबू म्हणाला.

मग त्याने प्रत्येक घरट्यातले काजवे सोडवून उडवून दिले, आणि पिल्लं झोपेपर्यंत अंधारात राखण करत बसला.