ठकूबाई आणि चांद्याचा पाय

फार फार मागं, आपल्या आज्याचा आजाही रांगत नव्हता तेव्हा, बोरजाईच्या माळावर ठकूबाई सनगर राहायची. ती घोंगड्या विणायची आणि बडबड करायची. झोपेतसुद्धा तिचं तोंड थांबत नसे, असं म्हणतात.

तिच्या शेजारी म्हाळू धनगराचं पाल होतं. त्याचा कुत्रा चांद्या. रोज दिवेलागणीला सगळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कोंडवाड्यात घालायची, हे चांद्याचं काम. एका थंडीत म्हाळू वारला. भावांनी मेंढरं वाटून नेली आणि कुत्रा कुणाच्याच वाट्याला आला नाही.

मग चांद्या वाघरीच्या रिकाम्या जागी बसून पुढचा पाय चाटू लागला. केस गेले, कातडं गेलं, लाल जखम झाली, तरी जीभ थांबेना. गावानं ठरवलं की कुत्रा पिसाळला.

पाटील काठी घेऊन आला. "ठकूबाय, लेकराबाळांचं गाव हाय. आमुशेपतुर बरा झाला तर ठीक. न्हाईतर मारावा लागंल."

"पिसाळलेलं कुत्रं पान्याला भितं," ठकूबाई कडाडली. "ह्यो माझी घागर रिकामी करतो! मी जित्ती हाय तवर कुनी हात तर लावा."

बोलून बसली खरी, पण करायचं काय? तिनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला. चांद्यानं तो कडू लेप साफ केला. मग तिनं नव्याकोऱ्या घोंगडीची पट्टी फाडून पायाला बांधली. आता घोंगडी ताठ व्हावी म्हणून सनगर तिला चिंचोक्याची खळ लावतात. ठकूबाईचा जन्म त्या वासात गेलेला, तिच्या ध्यानातच आलं नाही. चांद्यानं पट्टी मिटक्या मारत चाटली आणि शेवटी खाऊनही टाकली. ठकूनं कुत्र्याला पक्वान्न बांधलं म्हणून सगळं गाव हसलं.

मग ती त्याला शिव्या घालू लागली. प्रत्येक शिवीला चांद्या शेपटी हलवायचा आणि आणखी चाटायचा. शिव्या का होईना, कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. ते ध्यानात आलं तेव्हा ठकूबाई मागावर बसून ढसाढसा रडली.

अमावास्या उद्यावर आली. त्याच दिवशी परगावचा एक म्हातारा धनगर गावच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आला. दिवेलागणीला मेंढरं ओरडली आणि चांद्याची जीभ मध्येच थांबली. ते पाहून ठकूबाईची बडबडही थांबली, जन्मात पहिल्यांदा, असं म्हणतात.

तिनं चांद्याच्या गळ्यात लोकरीची दोरी बांधली आणि त्याला घेऊन रानात गेली.

"माझी कुत्री फाडतील त्याला, बाय," म्हातारा म्हणाला.

"उद्या मरनारच हाय. मेंढरांत तरी मरंल," असं म्हणत तिनं दोरी सोडली.

चांद्या लंगडत कळपाला वळसा घालून गेला. परकी कुत्री बाजूला झाली. मेंढरं आपण होऊन एकामागून एक आत शिरली, आणि बोरीच्या काट्यांत अडकलेलं एक कोकरू चांद्यानं हलक्या दातांनी धरून आणलं. मग तो वाघरीच्या तोंडाशी आडवा झाला, दुखऱ्या पायावर मान टाकली आणि झोपी गेला. ठकूबाईच्या मागोमाग आलेला पाटील हे बघत उभा होता. त्यानं काठी तिथंच टाकली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला, चांद्याची जीभ सुरू व्हायच्या आधीच ठकूबाई त्याला हाक मारायची, "चल, मेंढरं आत घ्यायची हायेत." मग ज्याचा कळप दिसेल तिकडं दोघं जायची. जखम सुकली. तिथं पांढरेशुभ्र केस आले, आणि त्या माळावरची कुत्र्यांची पिल्लं अजून एक पाय पांढरा घेऊनच जन्मतात, असं म्हणतात.

बोरजाईत आजही कुणाच्या घरचं माणूस गेलं की दिवेलागणीला शेजारीण दारात येते. ती समजूत घालत नाही, रडू नको असंही म्हणत नाही. "चल, ठकूबाईनं बोलावलंय," एवढंच म्हणते. आता पुष्कळ घरी मेंढरं नाहीत. तरी आतलं माणूस डोळे पुसतं, पायात चपला घालतं आणि ज्याच्या घरी काम असेल तिकडं तिच्याबरोबर हात लावायला जातं.