भोवऱ्यांची झुंज

फार फार वर्षांपूर्वी जपानच्या डोंगरांत दोन गावं होती, एक वरचं आणि एक खालचं. मधे एकच झरा. एका वर्षी तो आटत चालला, भाताची रोपं पिवळी पडली आणि पाण्यासाठी दोन्हीकडचे लोक कोयते घेऊन धावले.

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्यांना कसंबसं आवरलं. दोन्ही गावं लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेली होती. म्हणून ठरलं, "भोवरे फिरवा! ज्या गावाचा भोवरा जास्त वेळ टिकेल, त्या गावाला यंदाचं पाणी!"

वरच्या गावचे भोवरे म्हातारा गेनबेई बनवायचा, खालच्या गावचे ओसेन नावाची तरुणी.

झुंजीच्या दिवशी काय ती गर्दी! ढोल घुमत होते, पोरं झाडांवर चढली होती. ओसेनने आधी एकदा भोवरा फिरवून पाहिला. लाल-पिवळे पट्टे झळाळले. "वा!" लोक ओरडले.

गेनबेईच्या कानाला मात्र बारीकशी खडखड लागली. भोवऱ्याची आर, म्हणजे खालचं लोखंडी टोक, सैल झाली होती.

"गप्प बसा, गेनबेईकाका," त्याच्या गावचा मुखिया कुजबुजला. "आपण जिंकलोच!"

"लंगड्या भोवऱ्याला हरवलं, तर त्याला जिंकणं म्हणायचं?" असं म्हणत गेनबेई थेट ओसेनसमोर गेला. "पोरी, आर हलतेय. आण इकडे."

ओसेन घुटमळली. हा तर विरुद्ध गावचा! पण ती खडखड तिनेही ऐकली होती. तिने भोवरा त्याच्या हातात ठेवला. गेनबेईने बांबूची बारीक पाचर ठोकून आर घट्ट बसवली आणि भोवरा परत दिला.

मग दोऱ्या सुटल्या! दोन्ही भोवरे गुणगुणत उभे राहिले, जणू फिरतच नाहीत. एक डुलला. सावरला! पुन्हा डुलला... आणि कलंडला. तो गेनबेईचा होता.

खालचं गाव नाचू लागलं. वरच्या गावच्या बायकांनी डोळ्यांना बाह्या लावल्या.

"थांबा!" ओसेन ओरडली. "माझा भोवरा यांनी दुरुस्त केला, म्हणून टिकला. ज्याने आपल्याला फसवलं नाही, त्याची शेतं मी वाळू देणार नाही. पाणी निम्मं-निम्मं!"

नाच थांबला. मग खालच्या गावच्या एका आजोबांनी फावडं उचललं आणि झऱ्यापासून दुसरा पाट खणायला घेतला. बघता बघता दोन्ही गावांचे हात मातीत राबू लागले. त्या वर्षी पीक थोडं आलं, पण दोन्ही गावांत आलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो विरोधकाशीही सचोटीने वागतो, तो हरला तरी त्याचं नुकसान होत नाही.