वाळीत टाकायला गाव लागतो

पाणवठ्यावर बायका जमवून सगुणा गुरविणीनं पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि देशमुखांच्या वाड्याची घागरही रांगेत ठेवली. देशमुखांनी तिला चावडीवर उभं केलं. सारा गाव मान खाली घालून बसला होता.

"राजकारण आमच्या रक्तात आहे," देशमुख म्हणाले. "या लोकांच्या नाही. त्यांना तुझ्यासारखी माणसं नादाला लावतात." मग गावाकडे वळले. "हिला वाळीत टाकायचं. होकार द्या."

सगुणाच्या घरी तान्हं होतं. उद्या चुलीला विस्तवही कुणी दिला नसता.

"सरकार, यांच्या रक्तात राजकारण नाही, तर यांचा होकार कशाला मागता?" ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानंच टाका मला वाळीत."

देशमुख होकाराची वाट बघत राहिले. समोर एकेक मान वर येत होती.