आल्या वाटेनं गेनू

कुसळेवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाच्या वाट्याला गेनू नावाचा एक भोळा गडी आला होता. मनानं सोनं. पण सांगितलेली गोष्ट एकदा डोक्यात शिरली की ती बाहेर काढायला अख्खं गाव लागायचं. पाय मात्र देवानं असे दिले होते की दिवसभर डोंगरावर शेळ्यांमागं पळूनही हा पठ्ठ्या संध्याकाळी शीळ घालत घरी यायचा.

आता या पायांची गावाला गरज होती. का, ते आधी ऐका. कुसळेवाडी डोंगराच्या अलीकडं, उंबरदरी पलीकडं, आणि मधे खिंड. दोन्ही गावांची देवी एकच, खिंडाई, आणि तिचा पितळी मुखवटाही एकच. तो कुठल्या गावात राहणार हे दरवर्षी जत्रेला शर्यतीनं ठरायचं. ज्या गावात मुखवटा असेल त्या गावच्या देवळापासून शर्यत सुटायची आणि वर खिंडीत संपायची. तिथं देवीचा गुरव मुखवटा घेऊन उभा असायचा. पहिला येईल त्याच्या हातात तो मुखवटा द्यायचा. मग ज्या देवळात त्यानं तो नेऊन टेकवला, तिथं देवी वर्षभर राहिली. वाटेत त्याला कुणी हात लावायचा नाही, आडवं यायचं नाही. असा रिवाज.

कुसळेवाडीच्या देवळातला कोनाडा कित्येक वर्षं रिकामा होता. बायका जत्रेच्या आदल्या दिवशी तो घासूनपुसून लख्ख करायच्या आणि शेवटी त्यात एक नारळ ठेवून घरी जायच्या. याचं सगळ्यात जास्त दुःख रंगराव हवालदारांना. तरुणपणी पलटणीतून सुट्टीवर आले असताना गावाकडून तेच धावले होते. सुरुवातीलाच अंगातलं सगळं बळ उधळलं आणि खिंडीच्या तोंडाशी दम तुटून मटकन खाली बसले. त्या दिवशी गेलेला मुखवटा परत आलाच नाही. आता त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण लांब पल्ला कसा पळायचा ही विद्या डोक्यात शाबूत होती. डोळे मिटायच्या आत एकदा त्या कोनाड्यात देवी बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी गेनूला हाताशी धरलं.

तालीम सुरू झाली. रोज सकाळी गावच्या देवळापासून खिंडीपर्यंत पळायचं आणि परत यायचं. पहिल्या दिवशी हवालदारांनी समजावलं की सुरुवात नेहमी सावकाश करायची, दम राखायचा, वेग हळूहळू वाढवायचा. गेनूनं मान डोलावली. तो मान नेहमीच डोलावायचा, त्यात फसायला व्हायचं.

त्याच दुपारी त्याची म्हैस दावं तोडून शेजाऱ्याच्या उसात घुसली. त्याची आई ठकूबाई ओरडली की पळ, हुसकून काढ. गेनू निघाला. पण सावकाश. बांधावरून रमतगमत, दम राखत गेला. उसापाशी पोचेपर्यंत वेग जरा वाढला होता, आणि म्हैस निम्मा फड फस्त करून रवंथ करत बसली होती.

शेजारी भांडायला आला. हवालदारांनी मध्यस्थी केली आणि गेनूला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, जनावर पुढं असलं की सुरुवातीलाच जोरात जायचं. तिथं दम राखायचा नाही."

गेनूनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तालमीत नवा धडा आला. पळताना मागं वळून बघायचं नाही. मान वळली की पावलं चुकतात आणि वेग मोडतो. मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी नजर पुढंच ठेवायची. गेनूला हा धडा फार आवडला. सोपा होता.

त्या दिवशी त्याचा शिदूमामा यायचा होता. ठकूबाईनं त्याला फाट्यावर बैलगाडी घेऊन पाठवलं. मामा बोचकं घेऊन गाडीत मागं बसला, पाय बाहेर सोडून. गेनूनं पुढं बघितलं तर काय, बैल. म्हणजे जनावर पुढं. त्यानं सुरुवातीलाच जोरात हाकले. ओढ्याच्या उतारावर गाडी उसळली आणि मामा पाण्यात. मामानं हाका मारल्या, आधी प्रेमानं, मग नावानं, मग गेनूच्या बापाचा उद्धार करत. गेनूची नजर पुढंच. घरी पोचल्यावर ठकूबाईला गाडीत नुसतं बोचकं दिसलं. भाऊ कुठंय विचारलं तर गेनू म्हणाला की बसला तर होता, हाकाही मारत होता, म्हणजे असेल मागंच कुठंतरी.

मामा चिखलानं माखून चालत आला. 

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "गेनू, तुझ्यावर सोपवलेली गोष्ट घट्ट धरून ठेवायची रे. काही झालं तरी हातची सोडायची नाही."

गेनूनं मान डोलावली. आता तुम्हीही सावध झाला असाल. हवालदार मात्र नाही झाले. गडी दिवसेंदिवस पळायला तेज होत चालला होता, त्या आनंदात त्यांना बाकी काही दिसत नव्हतं.

मग तिसरा धडा आला. शर्यत संपली की एकदम थांबायचं नाही, नाहीतर पायात गोळे येतात. शेवट गाठला की वळायचं आणि आल्या वाटेनं हळूहळू पळत परत जायचं, म्हणजे अंग मोकळं होतं. रोज खिंडीत पोचल्यावर गेनू तसंच करायचा आणि आल्या वाटेनं घरी यायचा.

काढणीचे दिवस होते. ठकूबाईनं भाकऱ्या, झुणका, खर्डा असं सगळं फडक्यात बांधून गेनूला रानात मजुरांकडं पाठवलं. लवकर जा म्हणाली, म्हणून गडी पळतच गेला. मजुरांनी त्याला येताना बघून विळे खाली ठेवले, हात धुतले, झाडाखाली फेर धरून बसले. गेनू झाडापर्यंत आला, वळला आणि भाकऱ्या छातीशी घट्ट धरून आल्या वाटेनं हळूहळू पळत परत गेला. हाका मारून मजुरांचे घसे सुकले. मागं कोण बघतंय.

त्या दिवशी हवालदारांना मजुरांची समजूत काढायला स्वतः रानात लंगडत जावं लागलं. आल्यावर त्यांनी गेनूला समोर बसवलं आणि बजावलं, "पोचलास की हातातलं आधी खाली ठेवायचं. समजलं? आधी खाली ठेवायचं."

समजलं म्हणाला.

जत्रेचा दिवस उजाडला. मुखवटा उंबरदरीत, म्हणून शर्यत उंबरदरीतून सुटणार होती. हवालदारांनी गेनूला सगळे धडे पुन्हा म्हणायला लावले. त्यानं एकही न चुकता म्हणून दाखवले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मुखवटा मिळाला की तो आपल्या गावी आणायचा, एवढंच काय ते सांगायचं राहिलं. असलं काही सांगावं लागतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हवालदार काठी टेकत खिंडीत जाऊन बसले आणि इकडं कुसळेवाडीच्या बायकांनी कोनाडा लख्ख केला. या वेळी त्यात नारळसुद्धा ठेवला नाही.

शर्यत सुटली. उंबरदरीचा दिगू सुरुवातीलाच सुसाट गेला. गेनू सावकाश निघाला, दम राखत. मधल्या चढावर त्यानं वेग वाढवला, दिगूला मागं टाकलं, आणि खिंडीत पोचला तेव्हा दिगू खाली पार लांब, हात कमरेवर ठेवून उभा होता. गुरवानं गेनूच्या हातात मुखवटा दिला. ढोल वाजले. हवालदारांना हुंदका आवरला नाही.

गेनूनं मुखवटा छातीशी घट्ट धरला. मग वळला. आणि आल्या वाटेनं हळूहळू पळत निघाला.

आधी कुणाला काही कळेना. मग हवालदार उठले, काठी टाकून दिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले की गेनू, थांब, मागं फिर. गेनूची नजर पुढं. गावची पोरं त्याच्या मागं धावली, पण हात लावायचा नाही, आडवं यायचं नाही, मग धावून तरी करणार काय. अर्ध्या वाटेत दिगू धापा टाकत वर येताना भेटला. गेनूनं त्याला राम राम केला. दिगू बघतच राहिला, मग तोही वळून त्याच्याबरोबर पळू लागला.

उंबरदरीच्या देवळात गेनू पोचला. पोचला, आणि आधी हातातलं खाली ठेवलं. त्यांच्याच कोनाड्यात. नीट, देवीचं तोंड पुढं करून.

दिवस कलायच्या सुमारास हवालदार लंगडत तिथं आले, तेव्हा गेनू डोक्याला उंबरदरीचा फेटा बांधून पुरणपोळी खात बसला होता.

"तात्या," त्यानं हवालदारांना विचारलं, "आज कुठं चुकलं का हो माझं?"

हवालदारांनी एकेक धडा मनातल्या मनात तपासला. सावकाश सुरुवात, मागं न बघणं, घट्ट धरणं, आल्या वाटेनं परत येणं, खाली ठेवणं. रागवायला आले होते, पण त्यांना एकदम हसूच फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

"नाही रे लेकरा," ते म्हणाले. "तुझं काहीच चुकलं नाही. चल, मला घरापर्यंत ने. गुडघे फार दुखतायत."

म्हणजे आता हवालदारच गेनूवर सोपवलेले. त्यानं त्यांचा हात घट्ट धरला. सावकाश सुरुवात केली, चढावर जरा वेग वाढवला आणि त्यांना अलगद खिंडीपर्यंत आणलं. खाली कुसळेवाडीचे दिवे लागताना दिसत होते. हवालदारांनी घर दिसल्याचा सुस्कारा सोडला.

खिंड आली. गेनू वळला, आणि हवालदारांचा हात घट्ट धरून आल्या वाटेनं हळूहळू पळत उंबरदरीकडं निघाला. हवालदार मागून हाका मारत होते.