चित्र्याचं डावं शिंग

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा सातवीतच सुटली. चुकलं तर पोटात घाला, पण गोष्ट पुरती ऐका.

एका गावात लहानू नावाचा एक कुंभार होता. त्या गावात एक रीत होती. वर्षभरात ज्यांच्या दावणीचा बैल मेला, त्यांनी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचा बैल ओवाळायचा आणि संध्याकाळी ओढ्यात सोडायचा. लहानू हे बैल हातानं घडवायचा. आधी त्या घरी जाऊन लाजत लाजत विचारायचा, "तुमचा बैल कसा होता?" कुणाचा कान फाटलेला असायचा, कुणाची मान वाकडी. लहानू अगदी तसाच बैल करायचा. एकेकाला दोन दोन दिवस लागायचे.

गावच्या रंगराव पाटलांना हे बघवेना. चावडीवर सगळ्यांदेखत ते म्हणाले, "सांजेला ज्याचा चिखल व्हायचा, त्याच्या शिंगाला दोन दिवस? रिकामटेकडा आहेस झालं! हा घे साचा. घटकेत चार निघतील. उरल्या वेळात कौलं कर. नाहीतर ओढ्याकाठची माती तुला बंद."

"लहानूशेठ, आता बैलांना मिशाही काढा!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मातीच बंद झाली तर कुंभार कसला? लहानूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साचा घेऊन तो मुकाट्यानं घरी गेला. त्या वर्षी त्यानं साच्यातून पंधरा बैल काढले. पंधराही एकाच तोंडाचे.

बेंदूर आला. पाटलांचा बैल चित्र्या त्याच उन्हाळ्यात गेला होता. पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं त्याला वासरापासून वाढवलेलं. तिला आता दिसत नव्हतं. ताट घेऊन ती बसली, मातीच्या बैलावरून हात फिरवला आणि ताट खाली ठेवलं.

"हा कुणाचा बैल आणलास, रंगा? चित्र्याचं डावं शिंग खाली वळलेलं होतं. परक्या बैलाला मी ओवाळायची नाही."

पुरणपोळ्या निवल्या. मिरवणूक खोळंबली. शेवटी पाटील स्वतः लहानूच्या दारात आले आणि घडलं ते सांगितलं. लहानूनं भट्टीमागचं पोतं बाजूला केलं. खाली चित्र्या उभा होता. डावं शिंग खाली वळलेलं.

"हा कुणी करायला सांगितला होता?" पाटलांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग केलास कशाला?"

जन्मात कुणापुढे मान वर न केलेला लहानू पेटला. "पाटील, चित्र्या रोज माझ्या भट्टीवरून पाण्याला जायचा. तो गेला, तरी ते शिंग माझ्या डोळ्यांपुढून हलेना. हातातून उतरेपर्यंत घास गोड लागला नाही. म्हणून केला. आणि तुम्ही चार माणसांत मला रिकामटेकडा म्हणालात! मग सणाच्या दिवशी रिकामटेकड्याच्या दारात कशाला उभे आहात?"

बैल तिथेच आपटावा, असं लहानूच्या मनात आलं. त्यानं तो उचललाही. पण ताटापुढे खोळंबलेली म्हातारी त्याच्या डोळ्यांसमोर आली.

"आजींसाठी न्या," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

म्हातारीनं शिंग चाचपलं. "आलास होय रे?" एवढंच म्हणाली आणि निरांजन लावायला सांगितलं.

सांजेला पाटलांचा निरोप आला, "हौस म्हणून एखादा करत जा."

हौस! लहानूच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं साचा उचलला आणि भरल्या चावडीत पाटलांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. "हौस नाही, पाटील. हे माझं काम आहे." मग पाटी घेऊन तो ओढ्याकाठी उतरला आणि माती खणू लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

तात्पर्य: माणूस कलेचं काम धरतो ते रिकामा असतो म्हणून नव्हे, त्यावाचून त्याला राहवत नाही म्हणून. त्याला रिकामटेकडा म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या हातचं काही न घेता आपला एक सण साजरा करून दाखवावा.