न ओळखलेले रोप

एकदा एका वैद्यबुवांना त्यांच्या शिष्याने फोनवर वर्ग काढून दिला, आणि त्या दिवसापासून शिष्याची झोप उडाली. शिष्याचे नाव निरंजन. वनस्पतींची ओळख करून देणारा गुरुजींसारखा माणूस पंचक्रोशीत नाही, मग ही विद्या चार भिंतींत का राहावी, असा त्याचा प्रामाणिक कळवळा होता. वर्गात दोनशे बारा माणसे जमली. नाशकापासून सावंतवाडीपर्यंतची! निरंजनाची छाती दोन इंच फुगली.

आणि मग सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. सकाळी नमस्काराचे हात, संध्याकाळी नमस्काराचे हात, मध्ये काही नाही.

वैद्यबुवा पाच-सहा महिने पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "निरंजना, हा वर्ग आहे की देवळाची रांग? पाडव्यापर्यंत एकाने जरी मनापासून काही विचारलं, तर चालू ठेवू. नाहीतर बंद. माझं वय झालं, भिंतीशी बोलायला मला वेळ नाही."

 सहा महिने खपून उभा केलेला वर्ग! निरंजनाने तत्काळ गृहपाठ दिला : 'आपल्या परिसरातील, स्वतःला ओळखू न आलेल्या एका वनस्पतीचे छायाचित्र पाठवावे.'

दोन दिवसांत एक्याण्णव छायाचित्रे आली. एक्याण्णवच्या एक्याण्णव तुळशीची. एका बाईंनी तर वृंदावनापुढे रांगोळी काढून, उदबत्ती लावून पाठवली होती.

"यांना तुळस ओळखता येत नाही?" निरंजनाने कपाळाला हात लावला.

"येते ना. म्हणूनच पाठवली," वैद्यबुवा म्हणाले, आणि काढा ढवळू लागले.

आता यामागची गोष्ट सांगायलाच हवी. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात पेडणेकर नावाच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी 'आमच्या दारची गुळवेल' म्हणून एका वेलाचा फोटो मोठ्या हौसेने टाकला होता. वेल निघाला विड्याच्या पानांचा. निरंजनाने त्या फोटोवर लाल गोल काढला, खाली लिहिले, 'कृपया अभ्यास करून लिहावे', आणि लगोलग सतरा नियम जाहीर केले. सातवा नियम असा की, चुकीची माहिती देणाऱ्यास एकदा समज, दुसऱ्यांदा निरोप. शिस्त म्हणून केले बिचाऱ्याने. पण त्यानंतर पेडणेकरांचा नमस्कारसुद्धा येईना.

पाडव्याला तीन दिवस उरले, तेव्हा वर्गात एक फोटो झळकला. फुटक्या कुंडीत दोन-दोन पानांची चार रोपे. खाली लिहिलेले : 'ही आपोआप उगवली आहेत. मला ओळखू येत नाहीत. कोणी सांगेल का?' पाठवणारे, साक्षात वैद्यबुवा!

निरंजनाच्या तोंडचे पाणी पळाले. दोनशे बारा माणसांपुढे गुरुजी म्हणतात, मला येत नाही? त्याने क्षणात तो संदेश पुसला. वैद्यबुवांनी पुन्हा पाठवला. त्याने पुन्हा पुसला. तेव्हा बुवा शांतपणे उठले, शिष्याचा फोन त्याच्या हातातून घेतला, हिरड्याच्या बरणीत टाकला, झाकण घट्ट लावले आणि बरणी मांडीवर घेऊन बसले. मग तिसऱ्यांदा फोटो पाठवला.

"गुरुजी, अहो लाज जाईल!"

"कोणाची?"



तासाभराने बुवांच्या फोनवर उत्तर आले. कुसुम गावित. सहा महिन्यांत एक अक्षर न लिहिलेली बाई.

'गुरुजी, मिरची आहे ती. मी रोपवाटिकेत काम करते, रोज हजारो रोपं बघते. दोन पानांवर अशीच दिसते. पाणी लई घालताय, कमी करा.' आणि पाच मिनिटांनी, भीत भीत : 'मी पण एक विचारू का? आमच्या बांधावर एक झुडूप आहे...'

मग काय विचारता! जो तो आपापल्या बांधावरचे, गच्चीवरचे, गटारापलीकडचे झुडूप घेऊन धावला. बरणीतला फोन इतका थरथरू लागला की हिरडे खुळखुळले.

निरंजन भारावून म्हणाला, "काय युक्ती केलीत, गुरुजी! मुद्दाम न येण्याचं सोंग!"

"सोंग कसलं? मला खरंच ओळखू आली नाही," वैद्यबुवा म्हणाले. "जन्मभर मिरची खाल्ली, पण दोन पानांची असताना तिच्याकडे कोण बघतो? ऐक. माणसं अज्ञानाला भीत नाहीत, चारचौघांत हसं होण्याला भितात. समोरासमोर बसलो, तर माझे डोळे पाहून त्यांना कळतं की हा म्हातारा रागावणार नाही. फोनवर माझे डोळे दिसत नाहीत. तिथे फक्त तुझे सतरा नियम दिसतात. तेव्हा आपलं उणं कोणीतरी आधी पुढे ठेवायला हवं, आणि ज्याचा मान मोठा, त्याने सर्वांत आधी."

 निरंजनाने बरणी उघडली, फोन पुसला आणि अंगणात गेला. नळापाशी तलवारीसारख्या पात्यांचे एक गवत होते. तीन वर्षे तो त्याला पाणी घालत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गंभीर चेहऱ्याने सांगत होता, "ही दुर्मीळ वनस्पती." नाव त्याला ठाऊक नव्हते. गुरुजींना विचारायची कधी हिंमतच झाली नव्हती.

त्याने फोटो काढला. लिहिले, 'हे मला येत नाही. पेडणेकरकाका, मागे मी चुकलो. आपल्याला ठाऊक असेल तर सांगावे.' आणि पाठवले. पाठोपाठ सातवा नियम पुसून टाकला.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात निरंजनाने चार वेळा फोन उलटा ठेवला आणि पाच वेळा सुलटा केला.

अखेर पेडणेकर उगवले. 'कृपया अभ्यास करून लिहावे,' असे त्यांनी लिहिले होते. पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. आणि त्याखाली : 'अरे बाळा, वेखंड ते! तुझ्या आईने तुला लहानपणी उगाळून लावलं असेल. उद्या मी माझ्या दारचा एक वेल पाठवतो. या वेळी खात्री नाही, हे आधीच सांगतो.'

निरंजन मोठ्याने हसला. ओसरीवरून वैद्यबुवांनी विचारले, "काय रे, वर्ग बंद करायचा ना पाडव्याला?"

"नाही गुरुजी," निरंजन म्हणाला, "आत्ता कुठे भरलाय."