जावयासमोर विचारलेला प्रश्न

“ताप नाही, जळजळ नाही. मग लघवीचा संसर्ग म्हणायचा कशावरून?” अनुजाने विचारलं.

मेट्रन एस्तेरबाई ठकूआजीची चादर सारखी करत राहिल्या.

अनुजा नर्सिंगला पहिली आलेली. लक्षणं तिला पाढ्यांसारखी पाठ, आणि त्याचा तोराही होता. ठकूआजी सकाळपासून असंबद्ध बोलत होती. “म्हातारचळ आहे, घरी न्या,” असं अनुजानेच आजीच्या जावयाला सांगून टाकलं होतं. तो खाटेशेजारी पिशवी भरत होता.

“काल कशी होती?” एस्तेरबाईंनी विचारलं.

“काल... चांगली होती. माझी वेणी घालून दिली.”

“मग एका रात्रीत माणूस म्हातारं होतं?”

अनुजाने वळून आजीकडे पाहिलं.

“अशीच घरी गेली आणि संसर्ग रक्तात उतरला, तर हाती लागायची नाही. जळजळीचं विचारलंस कुठे?”

“इथेच. हे होते ना, यांच्यासमोर. स्पष्ट नाही म्हणाली.”

एस्तेरबाईंनी जावयाकडे पाहिलं. “पाहुणे, जरा चहा घेऊन या.”

तो गेला. त्यांनी खाटेभोवतीचा पडदा ओढला.

“आता विचार.”

अनुजा खाटेवर टेकली. आजीच्या कानाशी वाकली. “आजी, लघवीला त्रास होतो का?”

आजीने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला. “सके, आलीस व्हय?” सकू ही आजीची बहीण. जाऊन कैक वर्षं झालेली.

अनुजाने एस्तेरबाईंकडे पाहिलं.

“आले,” अनुजा हळूच म्हणाली.

“लई आग हुती गं. जावायाम्होरं कसं सांगू? पानीच प्येत न्हाई मी.”

“का गं?”

“सारखं भांडं द्यावं लागतं. ती नर्स पोरगी... किती उठवायची तिला? दमती बिचारी.”

अनुजाचे डोळे भरून आले. तोरा कुठल्या कुठे गेला. या म्हातारीला आपण म्हातारचळ म्हणालो, याची तिला मनापासून लाज वाटली.

“मॅडम, डॉक्टरांना सांगते. तपासणीची बाटली आणते,” म्हणत ती उठू लागली. हात सुटेना. ती सोडवून घ्यायला गेली.

एस्तेरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बस. बाटली मी आणते.”